सात मुठी

६ एप्रिल, शनिवार

मास्तरनं ही वही दिली. शाळेतली, डाव्या बाजूला तांबडा समास आखलेली. मास्तर म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. बोलतो अहो-जाहो, पण बघतो असा की मी दुसरीतला पोरगा आणि माझे पाढे चुकलेत. म्हणाला, "भाऊजी, घडेल ते लिहा, खरं लिहा. तीन महिने कुणावर हात उचलू नका. सहा जुलैला मी येऊन वही बघेन, मग या दोघींना घरी पाठवायचं की नाही ते ठरवू." तोवर बायको आणि मुंगी त्याच्याकडे राहणार.

मुंगी म्हणजे माझी लेक. अकरा वर्षांची. घरात वावरते पण पाऊल वाजत नाही, म्हणून मुंगी. हे नाव मीच ठेवलं.

घडलं ते एवढंच. परवा संध्याकाळी बाचाबाची झाली, एक पातेलं लागलं, मुंगी मध्ये आली, तिला जरा लागलं. घरोघरी मातीच्या चुली. नंतर ती सारखी म्हणत होती, "बाबा, भोंगा वाजतोय." मी लाकडाच्या वखारीत करवतीवर आहे, आमचा भोंगा सकाळी सातला वाजतो आणि दुपारी एकला. संध्याकाळी कुठला भोंगा? पोरींना नाटकं बरोबर सुचतात.

जाताना फाटकाशी थांबून म्हणाली, "बाबा, नेच्याला पाणी घाला. पण हात नका लावू." मला वाटलं होतं, 'येते' म्हणेल.

नेचा माझ्या बायकोचा. स्वयंपाकघराची मागची भिंत आणि शेजारच्या शिंप्याचं कुंपण यांच्यामध्ये चार हात रुंद बोळ आहे. ऊन तिथे कधीच येत नाही. वखारीपलीकडच्या रानातून सहा वर्षांपूर्वी हिनं मुळासकट आणून तिथे लावला. माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. आज बघितलं. जुनी पानं तपकिरी होऊन चारी बाजूंना आडवी झालीत आणि मधून नवे कोंब आलेत, मूठ वळावी तसे गच्च गुंडाळलेले, अंगावर तपकिरी लव. मोजले. सात आहेत.

घालतो पाणी. एक झाड जगवता येत नाही असा मी आहे की काय!

१४ एप्रिल, रविवार

मुंगीचा फोन आला. आता दर पंधरा दिवसांनी रविवारी येईल असं मास्तर म्हणाला. मी विचारलं, शाळा कशी आहे, तर म्हणाली, "काय?" परत विचारलं, परत "काय?" मग फोनची खडखड झाली, आणि मग नीट ऐकू आलं तिला. लक्ष कधी जागेवर नसतं. आईवर गेली आहे.

तिला एकच चौकशी, मुठी उघडल्या का. म्हटलं, अजून नाही, पण तू येशील तेव्हा सातही उघडलेल्या असतील, बापाचा शब्द आहे. ती म्हणाली, "त्या आपोआप उघडतात बाबा." आता हे मला ही शिकवणार.

१७ एप्रिल

आठवडा होऊन गेला आणि मुठी आहेत तशाच. मोठी होती ती अंगठ्यानं जरा सैल करून बघितली. दोन वळसे सुटले. तिसऱ्याला काड्कन मोडली. आतून हिरवी, पाणीदार होती.

मला इतका संताप आला की बादलीला लाथ घातली. बादली भिंतीवर फुटली, माझा अंगठा सुजला. सहा राहिल्या. मुंगीला सांगायची गरज नाही.

१९ एप्रिल

वखारीत आमच्यात एक लंबू आहे, ओंडके चढवतो. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, घर एकदम शांत झालं म्हणे तुझं! आता भांडतोस कुणाशी, भिंतीशी?"

मास्तरची अट हाताची आहे. मी हात उचलला नाही. गुडघा उचलला. तो वाकला तेव्हा त्याचं तोंड समोरच्या ओंडक्यावर आपटलं, पुढचे दोन दात भुशात पडले. तोंडावर ओंजळ धरून शोधत बसला होता, भुसा तांबडा झाला होता. मुकादम मध्ये पडला आणि मला म्हणाला, "सुंभ जळेल, पण तुझा पीळ काही जायचा नाही." मला चार दिवस घरी बसवलंय.

हे सगळं मी खरं लिहितोय. मास्तरनं बघावं, अट कुठेही मोडलेली नाही.

२२ एप्रिल

वखारीतून निघताना भुशाची दोन पोती आणली होती. आमच्याकडे भुशाचे डोंगर आहेत. नेच्याच्या बुंध्याशी वीतभर थर दिला, ओल टिकेल म्हणून. काम छान दिसत होतं.

सकाळी बघतो तर रस्त्यावरचा पिवळा कुत्रा त्यात खड्डा करून आरामात झोपलेला. एक मूठ त्याच्या पाठीखाली आडवी झालेली. मी फळी घेतली. पहिल्या फटक्याला ओरडला, बोळातून बाहेर पडायला माझ्याच बाजूला धावला. तिथे दुसरी वाट नाही. तिसरा फटका डोक्यात बसला. बराच वेळ पाय झाडत होता. त्याला उचलून नाल्याकडे टाकून आलो, बोळ धुतला.

कुत्रा म्हणजे माणूस नव्हे. अट माणसांची आहे. आडवी झालेली मूठ काडी लावून उभी केली.

वर बघितलं तर शिंपी त्याच्या खिडकीत. माझी नजर जाताच झडप ओढून घेतली. त्याचं वय सत्तर, घरातच मशीन टाकून शिवतो. सहा वर्षांत माझ्याशी सहा वाक्यं बोलला नसेल. आमच्या हिच्याशी मात्र कुंपणावरून तासन्‌तास गप्पा.

२८ एप्रिल, रविवार

मुठी पिवळ्या पडायला लागल्या. पाणी वाढवलं तर आणखी पिवळ्या. डोकं धरून पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला.

"अहो, रागावणार नसाल तर एक सांगतो."

"सांगा की. मी काय खातोय तुम्हाला?"

त्यावर शिंपीकाका जरा मागे सरले. मग म्हणाले, "तो ताजा भुसा काढा. कुजताना तो झाडाचंच खातो. रानातला कुजका पाला आणून घाला, वहिनींचा नेम होता तो. बुंधा झाकू नका. आणि पाणी इतकं नको, चिखल होतोय."

"आणि काय करायचं?"

"काही नाही. सावली आहे, ओल आहे. बाकी त्याला त्याचं करू द्यायचं."

ते बोलताना कुंपणापासून दोन पावलं मागे उभे होते. म्हाताऱ्यांना लांबचं चांगलं दिसतं म्हणतात.

मुंगीचा फोन आला, पण मास्तरच जास्त बोलला. मुंगीला डॉक्टरकडे न्यायचं असतं म्हणाला. सर्दी असेल.

३० एप्रिल

भुसा काढला. रानात जाऊन कुजका पाला पोतंभर आणला. काळा, ओला, हातात घेतला की भुगा होणारा. रानात बघितलं, मोठमोठ्या झाडांखाली नेचे नुसते पसरलेत, कुणी पाणी घालत नाही की काही नाही. तिथे अर्धा तास बसलो. कुणाचा राग आला नाही. हे लिहिण्यासारखं आहे का माहीत नाही.

१२ मे, रविवार

उघडल्या! पाच पूर्ण, काडीवाली अर्धी. पानं माझ्या हाताएवढी लांब, कडेला बारीक कातरलेली. वळकटी सोडावी तशी दर सकाळी थोडी थोडी सुटत गेली. मी एकदाही बोट लावलं नाही.

मुंगीला फोनवर सांगितलं, सातही उघडल्या. ती म्हणाली, "सहा ना बाबा? एक मोडली ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

ती घाईघाईनं म्हणाली, "आई बोलावतेय." तिची आई तेव्हा दुकानात गेली होती, हे मास्तरनंच आधी सांगितलं होतं.

म्हणजे शिंपी. कुंपणावरून मुठी मोजतो आणि माझ्या लेकीला कळवतो. आणखी काय काय कळवलं असेल?

२५ मे

आज पाणी घालायला गेलो तर माती आधीच ओली. परवाही असंच झालं. पाऊस नाही, नळ गळत नाही. कुंपणाच्या फटीतून बघितलं, शिंप्याच्या बाजूला झारी ठेवलेली होती. काय घालतो हा माझ्या झाडाला?

१ जून, शनिवार

अक्षर वाकडं येतंय.

पान उलटून बघितलं. मागच्या बाजूला तपकिरी ठिपके. एका पानावर नाही, सगळ्या. आणि कसे, तर शिरेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, ओळीनं, मशीनचे टाके घालावेत तसे. नखानं खरवडलं तर तपकिरी भुकटी बोटाला लागली. कीड आहे. नाहीतर विष आहे.

पाच आठवडे राहिले होते. पाचच. लंबूची माफी मागितली मी, वखारीत मान खाली घालून काम केलं, दोन महिने घरात एक भांडं आपटलं नाही. ती यायची होती. फाटकातून आत येऊन आधी बोळात गेली असती, मी मागून म्हणालो असतो, बघ. एवढंच होतं माझं. तेवढंही लोकांना बघवत नाही.

२ जून, रविवार

सगळं लिहितो.

सकाळी दहाला शिंप्याच्या घरी गेलो. त्याच्या फाटकातून आत जायची ही पहिलीच वेळ. तो मशीनवर बसला होता, गळ्यात टेप, समोर कुणाची तरी पांढरी विजार. मला बघून उठायला लागला. मी पान त्याच्यासमोर धरलं.

"काय घातलंस माझ्या झाडाला?"

"बसा आधी. पाणी घालतो हो. मुंगीनं सांगून ठेवलं होतं, बाबा विसरले तर तुम्ही..."

"आणि हे काय आहे?"

त्यानं पान हातात घेतलं, चष्मा वर केला, आणि हसला. खरंच हसला. म्हणाला, "अहो, हे तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. त्याचा उजवा हात मशीनच्या फळीवर होता. माझ्या डाव्या हातानं त्याचं मनगट दाबलं गेलं आणि उजव्या हातात त्याची ती कापड कापायची मोठी कात्री आली. मुठीकडून मारली. लोखंड आहे ते, शेरभर वजनाचं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लाकूड वाजलं नाही, दुसरंच काही वाजलं. तो ओरडत होता, "वड्याचं तेल वांग्यावर काढू नका हो, मी काय केलं तुमचं!" त्याची बायको आतून आली आणि दारातच भिंत धरून खाली बसली. मधली तीन बोटं भलतीकडे वळली होती. पांढऱ्या विजारीवर रक्त.

घरी येऊन सगळी पानं बुडापासून कापली. सहाच्या सहा. पत्र्याच्या डब्यात घालून जाळली. ओली होती, पेटेनात, नुसता धूर. रोग पसरायला नको.

आज फोनचा रविवार नव्हता, बरं झालं.

५ जून

शिंप्यानं तक्रार केली नाही. दवाखान्यात सांगितलं म्हणे, मशीन अंगावर पडलं. खोट नसती तर गप्प बसला असता का? चोराच्या मनात चांदणं.

तरी झोप नीट लागत नाही. तो हसला का, हे कळत नाही.

९ जून, रविवार

मास्तर आला. बरोबर मुंगी.

मास्तर फाटकातच थांबला. म्हणाला, "मी आणणार नव्हतो. हीच म्हणाली, मला नेचा बघायचाय." मुंगी माझ्याकडे न बघता सरळ बोळात गेली. मी मागून गेलो. ती बुंध्यापाशी उकिडवी बसली. कापलेले सहा देठ, काळे पडलेले. डब्याच्या तळाशी पानाचा एक तुकडा अर्धवट जळून राहिला होता, तो काढून उलटा केला आणि त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"रोग होता," मी म्हणालो. "शिंप्यानं..."

"बी आहे हे, बाबा."

"काय?"

"नेच्याला फूल येत नाही. बी पानाच्या मागे येतं. दर वर्षी येतं. आईनं मला दाखवलंय." मग उठली, कुंपणाच्या फटीशी गेली आणि मला बोलावलं. बोटानं खुणावलं फक्त. मी डोळा लावला. शिंप्याच्या न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला, विटांच्या सांध्यांतून, इवले इवले नेचे उगवले होते. नखाएवढ्या पानांचे. वीस-पंचवीस असतील.

"आपल्या नेच्याचीच पिल्लं. काका भिंत पुसून देत नाहीत काकूंना."

मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो. हळूच म्हणालो, "मुंगे, चुकलं माझं. मला कुणी सांगितलं का? तू घरी ये, आपण दुसरा आणू रानातून." ती फटीतून बघतच राहिली. परत म्हणालो. ती ढिम्म. एवढं नमतं घेऊन बोलतोय आणि ही उत्तर देत नाही, म्हणून आवाज चढला. "अगं, मी काय म्हणतोय!"

तिनं एकदम दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि भिंतीला चिकटली. तिथे दुसरी वाट नाही.

मास्तर धावत आला. तिला पोटाशी धरलं. मला हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, तिला त्या कानानं ऐकू येत नाही. पडदा फाटलाय. एप्रिलपासून आम्ही डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवतोय. हे वहीत लिहिलंय का तुम्ही?"

जाताना मुंगी शिंप्याच्या फाटकाशी थांबली. म्हातारा बाहेर आला, हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. ती त्याला म्हणाली, "काका, मुळं जिवंत असतील. तुम्ही पाणी घालाल?" तो म्हणाला, "घालीन बाळा. डाव्या हातानं घालीन." मग ती म्हणाली, "उगवला की मी तुम्हाला फोन करून विचारीन."

मी पाच पावलांवर उभा होतो.

६ जुलै, शनिवार

मास्तर आज वही बघायला येणार होता. आला नाही. मी घर झाडून दुपारपर्यंत वाट बघितली.

तो म्हणाला होता, खरं लिहा. पहिल्या पानावर मी लिहिलंय, पातेलं लागलं, मुंगी मध्ये आली, तिला जरा लागलं. ते तसं नाही.

चार एप्रिलला मी कामावरून आलो. हिनं सकाळी सांगितलं होतं, येताना रानातला पोतंभर पाला आणा, नेच्याला हवाय. मी विसरलो. ही म्हणाली, "तुम्हाला सांगून उपयोग नाही." एवढंच म्हणाली, आणि तेसुद्धा हसत. मी चुलीवरचं पातेलं उचलून तिच्या अंगावर फेकलं. ते तिच्या खांद्याला लागलं. मी तिचे केस धरले. मुंगी आली आणि माझ्या दंडाला लोंबकळली, "बाबा सोडा, मी आणते पाला, मी आणते." मी वळून मुंगीच्या कानाखाली मारली. डाव्या बाजूला. उघड्या पंजानं, जेवढा जोर होता तेवढ्या जोरानं. ओंडके उलटवतो मी या हातानं. ती खाली बसली. कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आली. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, भोंगा वाजतोय." मी म्हणालो, नाटकं बंद कर.

लंबूचे दात मी पाडले. कुत्रा मी मारला. शिंपीकाकांची बोटं मी मोडली. दोन बोटं आता वळत नाहीत, मशीन त्यांनी विकायला काढलंय.

नेच्याला परवा कोंब आला. एकच. पालापाचोळ्यातून मूठ वर आली आहे, लव असलेली. मी कुणाला सांगितलं नाही. मला विचारणारं कुणी नाही. मुंगीला काकांकडून कळलं असेल.

ते रोज संध्याकाळी सहाला मागचं दार उघडतात आणि डाव्या हातानं झारी कुंपणावर उचलतात. पहिल्या दिवशी मी बोळातच उभा होतो. मला बघताच त्यांच्या हातातली झारी सुटून माझ्या बाजूला पडली. मी ती उचलून द्यायला पुढे झालो तर ते घरात पळाले, त्या वयात, पळाले. त्या दिवशी नेचा कोरडा राहिला.

आता सहा वाजायला आले की मी आत येतो, स्वयंपाकघराचं दार लावतो आणि कडी वाजवून घालतो, त्यांना ऐकू जाईल अशी. मग थोड्या वेळानं पाणी पडायला लागतं. पाल्यावर पडतं, हळूहळू, झारी हलकी होईपर्यंत. मी दाराशी बसून राहतो. तेवढाही आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू येतो.